हेमलताने बाजूला ठेवलेले दोन थेंब

आमच्या गावची हेमलता दिल्लीत लोकांच्या नाकात काडी घालते, असं गावात सांगतात आणि हसतात. सांगणाऱ्यांचं फारसं चुकत नाही. काडी ती घालतेच. पण काडी घालून झाल्यावर ती पुढे काय करते हे गावात कुणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसलं तर हेमलता कळत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. रान काळं, पाणी कमी, आणि ज्वारी अशी की तिची भाकरी खाल्लेला माणूस पुढे जन्मभर दुसरीकडच्या भाकरीला नावं ठेवतो. या गावात हेमलताची आई बियाणं राखायची. शेजारपाजारचे तिच्याकडून मालदांडीचं बी न्यायचे. कुणालाही बी देताना ती त्यातली एक मूठ आधी बाजूला काढायची, फडक्यात बांधायची, त्याला रंगीत दोरा गुंडाळायची आणि गाडग्यात ठेवून द्यायची. कुठला रंग कुणाचा, हे तिच्या डोक्यात असायचं. तिला लिहिता येत नव्हतं.

एका वर्षी एका शेजाऱ्याच्या रानात भलतंच उगवलं. निम्मी ताटं उंच, कणसं विस्कटलेली. बाईने भेसळ दिली, असं तो पारावर बसून सांगू लागला. पुढच्या रब्बीला आईने त्याच्या नावाची मूठ सोडली आणि वाटेवरच्या आपल्या तुकड्यात, जिथून सगळं गाव येतं-जातं तिथे, पेरली. माघात कणसं भरली. भरलेली, घट्ट, एकसारखी. शेजाऱ्याच्या पोत्याच्या तळाशी आधीचं बी राहिलं होतं, हे मग त्यालाच आठवलं. वर्षभर आई गप्प बसली होती. हेमलता तेव्हा नऊ वर्षांची होती आणि त्या तुकड्यावरची पाखरं हाकलायचं काम तिच्याकडे होतं.

पुढे तिने सोलापुरात प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि खंडेरावांशी लग्न होऊन दिल्लीला गेली. खंडेराव करोल बागेत गलाईच्या दुकानात काम करतात. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं, हे काम आमच्याकडची माणसं देशभर करतात आणि करोल बागेतही तीच आहेत. हेमलताला एका सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून नोकरी लागली. दरवर्षी मार्चअखेर कंत्राट संपतं आणि नवं होतं, किंवा होत नाही.

तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर विनया. मूळच्या पुण्याच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. हेमलताशी त्या मराठीत बोलतात, बाकी सगळ्यांशी हिंदीत. हेमलताने एक गोष्ट पहिल्या वर्षीच ओळखली होती. मॅडम तिच्याशी हिंदीत बोलल्या की ती गोष्ट कागदावर जाणार.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत दिल्लीत करोना पुन्हा घरोघरी शिरला. हेमलता रोज गाडीतून चाळीस-पन्नास घरांत जायची, काड्या घ्यायची, नळीत बुडवायची, चिठ्ठी लावायची आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत येऊन त्याच नळ्यांवर काम करायची. आठ जानेवारीला ती करोल बागेच्या पलीकडच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. दार उघडलं ते चंद्रप्रभाबाईंनी. आतून कुणीतरी, "कोण आलंय गं?" असं विचारलं आणि हेमलताने मास्कच्या आतूनच मराठीत उत्तर दिलं. मग काय, अंगात ताप असूनही त्या बाईंनी तिला चहा विचारला.

घरात तिघे. विश्वनाथराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. चंद्रप्रभाबाई त्यांच्या पत्नी. मुलगा इंद्रजित गुरुग्रामला एका कंपनीत, आणि ऑफिसमधून दुखणं घरी आणलं ते त्यानेच. विश्वनाथरावांची किडनी वर्षभरापूर्वी बदललेली होती. नवी किडनी बायकोचीच. परकी किडनी शरीराने टिकू द्यावी म्हणून अशा माणसाला जन्मभर औषधं घ्यावी लागतात आणि ती औषधं शरीराची लढायची ताकद कमी करतात. आई आणि मुलगा, दोघांनी लशीचे दोन्ही डोस घेतले होते. विश्वनाथरावांनी एकही नाही.

हेमलताने फॉर्म भरताना कारण विचारलं. विश्वनाथराव फाईलवर शेरा मारावा तसे शांतपणे बोलले.

"डॉक्टरांनी घ्या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, जरा बघू. कारण लस टोचल्यामुळेच हा विषाणू नवी नवी रूपं घेतोय, असं सगळीकडे आलंय. त्याला आपणच शहाणा करतोय."

"हे त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलंय," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "ऑफिसच्या ग्रुपवर आलं की ते राजपत्रच."

हेमलताने वाद घातला नाही. तिला अजून एकतीस घरं करायची होती. पण फॉर्मवरचा ट्रान्सप्लांट हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. दुपारी नळ्या कामाला लावण्याआधी तिने त्या घराच्या तिन्ही नळ्यांतले दोन-दोन थेंब वेगळ्या बारीक नळ्यांत काढले, चिठ्ठी लावली, वर पिवळा दोरा बांधला आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यात ठेवले. अशा दुखणाईतांच्या बाबतीत ती हे आधीपासून करत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा कुणी मनाईही केली नव्हती. घरातल्या एकाचंच का नाही काढलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, एका खळ्यावरचं बी एकत्र ठेवतात.

तिघेही पॉझिटिव्ह निघाले. बारा तारखेला ती पुन्हा गेली, तेव्हाही तिघे पॉझिटिव्ह. सतराला आई आणि मुलगा मोकळे झाले. इंद्रजित तर गच्चीवर चालायला लागला होता. विश्वनाथरावांना ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पुढे त्यांना हॉस्पिटलात ठेवलं आणि हेमलता तिथे जाऊन काडी घेऊ लागली. पंचवीस जानेवारी, चार फेब्रुवारी, चौदा फेब्रुवारी. प्रत्येक वेळी पॉझिटिव्ह. प्रत्येक वेळी दोन थेंब पिवळ्या दोऱ्याला.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला फ्रीझर भरला. वरून आदेश आला, की ज्या नमुन्यांचं काम झालंय ते सगळे नष्ट करा आणि यादीवर सही करा. हेमलताने दोन दिवस नळ्या बाहेर काढल्या, जंतू मारायच्या यंत्रात घातल्या, यादीवर खुणा केल्या. आधीच्या दुखणाईतांचे बाजूला ठेवलेले थेंबही त्यात गेले. शेवटी पिवळा दोराही तिने बाहेर काढला. हातमोज्यात धरला. आणि परत आत ठेवला. मग यादीखाली, सर्व नष्ट केले, या वाक्याखाली तिने सही केली. ते वाक्य खोटं होतं आणि सही खरी होती, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं.

एक मार्चला विश्वनाथराव पुन्हा पॉझिटिव्ह आले. बावन्न दिवस झाले होते. आता हॉस्पिटलच्या डॉक्टरांना कळेना, हे जुनंच दुखणं आहे की नवं लागलंय. म्हणून त्यांनी आठ जानेवारीचा आणि एक मार्चचा, असे दोन नमुने सिक्वेन्सिंगला लावायला सांगितलं. सिक्वेन्सिंग म्हणजे विषाणूची अक्षरं वाचणं. या विषाणूच्या अंगावर तीस हजारांच्या आसपास अक्षरं असतात, एका लांब ओळीत. तो स्वतःची नक्कल करतो तेव्हा कधीमधी एखादं अक्षर चुकतं. माणसामागून माणसात जातानाही तो असा महिन्याला दोन-तीन अक्षरांनी बदलतो. आठ जानेवारीची नळी मोठी होती, जरुरीच्या नमुन्यांत वेगळी ठेवलेली होती, म्हणून नष्ट करायच्या यादीत आली नव्हती. दोन्ही वाचल्या. तेरा अक्षरं वेगळी निघाली.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. "हेमलता, बैठिए," असं म्हणाल्या. हेमलता काय ते समजली.

मॅडम चिडल्या नव्हत्या. त्यांनी हिंदीत एकेक गोष्ट मांडली. बावन्न दिवसांत चार, फार तर पाच अक्षरं. तेरा म्हणजे फार. शिवाय त्यातली आठ विषाणूच्या काट्यातली, म्हणजे ज्या काट्याने तो आपल्या पेशीला चिकटतो तिथली. अशी उदाहरणं जगात आहेत, पण थोडी. त्याहून जास्त वेळा घडते ती साधी गोष्ट. नळ्यांची अदलाबदल. एक मार्चला तुम्ही त्याच वॉर्डातून सहा जणांच्या काड्या घेतल्यात. आणि मागे जुलैमध्ये तुमच्याच हातून दोन चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या होत्या.

लागल्या होत्या. हेमलताने ते स्वतःच येऊन सांगितलं होतं, तासाभरात. पण नोंद झाली ती झालीच.

मग मॅडमनी पुढचं सांगितलं. हॉस्पिटलवाले थांबलेत. हा विषाणू विश्वनाथरावांचाच असेल, तर त्यांना किडनीची औषधं कमी करावी लागतील, म्हणजे शरीर लढू शकेल. पण औषधं कमी केली की किडनी जायचा धोका. ही नळी दुसऱ्याची असेल आणि आम्ही त्यांची म्हणून कळवलं, तर एका माणसाची किडनी चिठ्ठीवरून जाईल. माणसाच्या डीएनएवरून नळी कुणाची ते पाहता येतं, पण त्याची परवानगी आणि यंत्र दुसरीकडचं, पंधरा दिवस जातील. आणि आता नवीन काडी घेतली तरी ती आजचा विषाणू दाखवेल; तो पहिल्याचाच वंशज आहे की मध्येच बाहेरून आला, हे ती सांगणार नाही. "मला एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि हे मराठीत म्हणाल्या, "तुमची खात्री आहे का?"

हेमलताने लगेच हो म्हटलं नाही. तिने एक मार्चची सकाळ आठवली. सहा खाटा. तिसऱ्या खाटेवर विश्वनाथराव. काडी, नळी, चिठ्ठी, पिशवी. तिला वाटलं खात्री आहे. मग जुलै आठवला. तेव्हाही तिला खात्रीच वाटली होती.

"उद्या सांगते मॅडम," ती म्हणाली.

मेट्रोने घरी जाताना तिला कळत होतं, की उत्तर फ्रीझरच्या कोपऱ्यात आहे. मधल्या नळ्या वाचल्या आणि अक्षरं एकेक करून बदलत गेलेली दिसली, तर विषाणू एकाच माणसात बदलला. मधल्या नळ्यांत काहीच नसलं आणि शेवटी एकदम तेरा, तर बहुधा चूक तिची. पण मधल्या नळ्या आहेत, असं म्हणायचं तर सर्व नष्ट केले ही सही खोटी आहे असंही म्हणायचं. आणि मार्च लागला होता.

संध्याकाळी जेवताना तिने खंडेरावांना सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले.

"आमच्याकडे सोनं कमी भरलं, की मालक आधी कारागिराचे खिसे बघतो," ते म्हणाले. "तू तर स्वतःहून खिसा उलटा करायला निघालीस."

"अहो, पण खिशात सोनंच आहे."

"हे तुला कधी कळलं? वाचलंयस का ते?"

"नाही."

खंडेरावांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, की नसेल निघालं सोनं, तर दोन्हीकडून जाशील. नळ्या बदलल्या म्हणून एकदा आणि नळ्या लपवल्या म्हणून एकदा. हेमलता म्हणाली, ठाऊक आहे. ते म्हणाले, मग मला कशाला विचारतेस. ती म्हणाली, विचारलं नाही, सांगितलं. यावर ते हसले आणि त्यांनी तिच्या ताटात अजून पिठलं वाढलं.

सकाळी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन थेंब, पिवळा दोरा, सोळा फेब्रुवारी, सही. आईच्या गाडग्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय हे का केलं ते सांगता येत नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"विश्वनाथरावांच्या किती आहेत?"

"सहा. आठ जानेवारी धरून."

"आणा."

मॅडमनी ते काम हेमलताकडे दिलं नाही. दुसऱ्या तंत्रज्ञाला दिलं, आणि नळ्यांवर तारखांच्या जागी नुसते आकडे घातले, उलटसुलट, म्हणजे वाचणाऱ्याला कुठली आधीची हे कळू नये. हेमलताला ते बरोबरच वाटलं. आईनेही पाखरं हाकलायला तिला बसवलं होतं, पण कणसं कापायला शेजाऱ्यालाच बोलावलं होतं.

यंत्राला चार दिवस लागले. ते चार दिवस हेमलता वॉर्डात गेली, काड्या घेतल्या आणि दर नळीची चिठ्ठी दोनदा वाचली. विश्वनाथराव खाटेवर उशीला टेकून बसलेले असायचे. त्यांना काही सांगायची तिला परवानगी नव्हती. तेही विचारत नव्हते. एकदा फक्त म्हणाले, "तुमच्याकडे माझा पेपर अडकलाय म्हणे." ती हो म्हणाली.

पाचव्या दिवशी निकाल आला. मॅडमनी आकड्यांच्या जागी तारखा लिहिल्या आणि कागद तिच्यासमोर फिरवला. आठ जानेवारी: आधी वाचलेल्या मोठ्या नळीशी तंतोतंत. बारा जानेवारी: काही बदल नाही. सतरा: नाही. पंचवीस जानेवारी: दोन अक्षरं, आणि त्या दोन जागी जुनं अक्षरही होतं आणि नवंही, दोन्ही एकाच नळीत, जसं एकाच रानात दोन्ही तऱ्हेची ताटं. चार फेब्रुवारी: पाच, आणि आधीची दोन आता पूर्ण नवी. चौदा फेब्रुवारी: आठ. एक मार्च: तेरा. जे अक्षर एकदा बदलून स्थिर झालं, ते पुढच्या प्रत्येक नळीत होतं. नळ्यांची अदलाबदल झाली असती, तर अशी पायरीवर पायरी लागली नसती. विषाणू विश्वनाथरावांचाच होता. त्यांच्यातच राहून तो बदलला होता.

मॅडमनी तिच्या देखत हॉस्पिटलला फोन केला. त्याच दिवशी औषधं कमी करायला सुरुवात झाली आणि विषाणूवरचं औषध नेहमीपेक्षा जास्त दिवस द्यायचं ठरलं.

दोन दिवसांनी हेमलताला मेमो मिळाला. आदेश मोडून, परवानगीशिवाय, सहा नळ्या ठेवल्याबद्दल आणि यादीवर चुकीची सही केल्याबद्दल. कंत्राटाचं मात्र मॅडमनी वर लिहून दिलं होतं, पुढे चालू ठेवावं म्हणून. हेमलताने मेमो उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला.

"मॅडम, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"सहा नाही. दहा आहेत. तुम्ही विश्वनाथरावांच्याच विचारल्या होत्या. चंद्रप्रभाकाकूंच्या दोन आहेत आणि इंद्रजितच्या दोन. आठ तारखेच्या आणि बारा तारखेच्या."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मेमोत आरोप वाढवून मागणारं माणूस त्यांनी आधी पाहिलं नव्हतं, असं त्यांनी नंतर तिला सांगितलं. पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट आली होती. एकच घर. एकाच माणसाने आणलेला एकच विषाणू. तीन शरीरं. त्यातली दोन लस घेतलेली, आणि तिसरं लस न घेतलेलं, शिवाय औषधांनी दबलेलं. अशी जुळणी मागून मिळत नाही.

"जा, घेऊन या," त्या म्हणाल्या.

त्या चार नळ्याही वाचल्या. तिघांची आठ जानेवारीची ओळ एकच निघाली. चंद्रप्रभाबाईंची बारा तारखेची ओळ आठ तारखेसारखीच, अक्षरशः. इंद्रजितच्या बारा तारखेच्या ओळीत एका जागी एका नव्या अक्षराची पुसट चाहूल होती, शंभरात सहा-सात नकला तेवढ्या वेगळ्या. सतरा तारखेला दोघांतूनही विषाणू गेला होता आणि ती चाहूलही त्याच्याबरोबर गेली होती.

मॅडमनी हेमलताला बसवून हे समजावलं, मराठीत. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. पहिले काही दिवस विश्वनाथरावांचा विषाणूही बदललेला नव्हता, हे लक्षात घ्यायला लावलं. मग सांगितलं की जगात ठिकठिकाणी लोकांनी हे तपासलंय आणि साधारण असंच दिसतं. थोड्या दिवसांच्या दुखण्यात, लस घेतलेली असो वा नसो, विषाणू माणसाच्या आत फारसा बदलत नाही. त्याला तेवढा वेळच मिळत नाही. लशीने लोकांमधली ताकद वाढली, की तिला चुकवणारी रूपं लोकांमध्ये जास्त पसरतात, हे खरं आहे. ग्रुपवर येणाऱ्या गोष्टीत तेवढा कण खरा असतो. पण चुकवणारं रूप आधी कुठेतरी घडावं लागतं, आणि असं मोठं घडणं बहुतेक वेळा जिथे विषाणू महिनोन् महिने राहतो तिथे दिसतं. जिथे शरीर त्याला हाकलूनही देऊ शकत नाही आणि पुरतं मोकळंही सोडत नाही. लस त्याचे दिवस कमी करते. विश्वनाथरावांनी लस घेतली असती तरी औषधांमुळे ती अर्धीमुर्धीच लागली असती, हेही मॅडमनी लपवलं नाही. त्यांच्यासारख्यांना म्हणूनच डोस जास्त देतात, आणि घरातल्या बाकीच्यांनी घ्यावी म्हणतात.

विश्वनाथराव मार्चच्या शेवटी निगेटिव्ह झाले. किडनी थोडी कुरकुरली, मग सावरली. एप्रिलमध्ये घरी शेवटची तपासणी करायला हेमलता गेली, तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलेलं होतं. त्यांच्या हातात निकालाची प्रत होती आणि तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"म्हणजे लस घेतलेल्या दोघांत तो होता तसा राहिला," ते म्हणाले, "आणि शहाणा झाला तो माझ्यात."

"काका, काकूंच्यात त्याला आठवडा मिळाला. तुमच्यात अडीच-तीन महिने."

"मिळणारच," चंद्रप्रभाबाई आतून म्हणाल्या. "सरकारी माणसाकडे आलेली गोष्ट आठवड्यात कधी बाहेर पडलीये?"

विश्वनाथराव हसले नाहीत. कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, की तो तेरा अक्षरांचा त्यांच्यातून पुढे कुणाला गेला का. हेमलता म्हणाली, वॉर्डातल्या बाकीच्या पाच जणांचे नमुने मॅडमनी वाचून घेतले, कुणात सापडला नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं. आधी. ग्रुपवरचं वाचलं, तेव्हा डॉक्टरांनाच विचारायला हवं होतं." डॉक्टरांनी तारीख दिली तशी मे महिन्यात त्यांनी पहिला डोस घेतला, आणि नंतरचेही तारखा लिहून ठेवून घेतले.

आता तिच्या प्रयोगशाळेत, दुखणं तीन आठवड्यांच्या वर चाललेल्या प्रत्येक माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे दोन-दोन थेंब बाजूला ठेवतात. त्याचा नियम मॅडमनी लिहून घेतला आणि भिंतीवर लावला. त्यात दोऱ्याचा उल्लेख नाही. दोरा हेमलता अजून बांधते.

मेमो बदलून आला, तो तिने गावी आणला. यंदा दिवाळीत ती आली होती, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर होतो. आई आता थकलीय, डोळ्यांनी कमी दिसतं. हेमलताने तिला सगळी हकिकत सांगितली. लस, अक्षरं, काटा, यातलं आईला किती कळलं ठाऊक नाही. तिने कागद हातात घेतला, उलटा की सुलटा ते न बघता त्यावरून बोटं फिरवली.

"किती लिहिल्यात यात?" तिने विचारलं.

"दहा."

"आणि होत्या किती?"

"दहाच."

"मग ठेव नीट," आई म्हणाली आणि कागद तिला परत दिला.